खाली केलेला किल्ला

मंडळी, आधीच शपथ घेऊन सांगतो, ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. माझ्या पणजोबांच्या पणजोबांनी ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. म्हणजे ते त्या दिवशी उदगीरच्या बाजाराला गेले होते, पण परत आल्यावर लगेच पाहिली. आता बाजारातून लगेच परत येणारा माणूस आमच्या घराण्यात कुणी झाला नाही, हेही खरं. तेव्हा पाहिली नसेल तर ऐकली असेल, आणि ऐकली असेल तर नीट ऐकली असेल. बसा या दगडावर.

समोर बघा. डोंगर तिकडे आहे आणि किल्ला इकडे आहे. उभ्या मुलखात किल्ले डोंगराच्या माथ्यावर असतात. आमचा मात्र पायथ्याला, ओढ्याकाठच्या खळग्यात बसलाय. शत्रूला तट चढायचे कष्ट नाहीत, वरच्या ज्वारीच्या शेतातून सरळ आत उडी मारता येते. तटात बाण सोडायला भोकं ठेवलीत, त्यांना आम्ही जंग्या म्हणतो. त्यातल्या निम्म्या जंग्यांतून आभाळ दिसतं आणि निम्म्यांतून शेजाऱ्याची चूल दिसते. दरवाज्यावर कोरलेला वाघ पाय वर करून उताणा पडलाय. शिकलेले लोक येतात, फोटो काढतात आणि म्हणतात, बांधणाऱ्याला अक्कल नव्हती. असं म्हणू नका. बांधणाऱ्याला होती. हा किल्ला दोनदा बांधला गेला, एकदा वर आणि एकदा खाली, आणि दुसऱ्यांदा कसा बांधला त्याचीच ही कथा.

असं सांगतात, की बेदरला, म्हणजे आताच्या बिदरला, सुलतानांचं राज्य होतं, त्या काळात हा किल्ला त्या डोंगराच्या माथ्यावर होता. किल्ला म्हणायचा म्हणून. आत दहा-बारा घरं, एक देवीचं ठाणं, एक पाण्याचं टाकं, आणि एक तोफ, जिच्यात कोंबडी अंडी घालायची. बकरीनं तटाला फेरी मारायची ठरवली तर रवंथ संपायच्या आत ती पुन्हा पहिल्या जागी येई. हेच अख्खं गाव. खाली फक्त ओढा होता आणि रान होतं.

या किल्ल्याची राखण रुमाजी नाईकाकडे होती. त्याच्या आजानं हे बुरूज रचले होते. रुमाजी उंच, हाडापेरानं मोठा, आणि शब्दाला पक्का माणूस. इतका पक्का, की त्याला कुणी “जरा थांब” म्हटलं तर माणूस परत येईपर्यंत तो तिथंच उभा राही. रोज सकाळी तो तटावरून एक फेरी मारायचा आणि प्रत्येक बुरजाच्या दगडावर हात ठेवायचा, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. त्याला मराठी येत होती, आणि जनावरांशी बोलायची भाषा येत होती. तिसरी येत नव्हती.

त्याच्या बायकोला येत होती. कोंडाईचं माहेर बेदरच्या वेशीजवळचं. तिथं आळीत निम्मी माणसं दखनी बोलायची, त्यामुळे तिला ती भाषा खेळता खेळता आली होती. लग्न होऊन ती डोंगरावर आली आणि तिच्या डोक्यावर घागर आली. टाक्याचं पाणी होळीपर्यंत पुरायचं. त्यानंतर पाऊस येईपर्यंत ओढा खाली आणि घर वर. किल्ल्यातल्या सगळ्या बायका तेव्हा दिवसभर उतरत नाहीतर चढत असायच्या.

एका वर्षी रब्बीच्या सुगीच्या सुमाराला बेदरहून खानसाहेब आले. त्यांचं नाव रजबखान होतं म्हणे. पोट मोठं, आवाज मऊ, गुडघे दुखरे. मागे घोडेस्वारांची मोठी रांग होती. नाईक लोक डोंगरावर बसून शिरजोर होतात, म्हणून आडबाजूचे छोटे किल्ले त्यांच्याकडून काढून घ्यायचे, असा सुलतानांचा हुकूम निघाला होता. कणगीरच्या नाईकानं नाही म्हटलं होतं आणि तलवार उपसली होती. त्या किल्ल्यात आता दिवा लावायलाही माणूस उरला नव्हता.

खानसाहेब डोंगर चढून आले ते धापा टाकतच. दरवाज्यात बसले, पाणी प्याले, गुडघे चोळले. मग रुमाजीकडे बघून म्हणाले, “नाईक, किल्ला खाली करो. दसरे के बाद मैं फिर आऊंगा. तब तक खाली होना.”

रुमाजीनं दाराआड उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं.

“काय म्हणतेत ते?”

कोंडाईला शब्द न् शब्द कळला होता. घर सोडून निघा, एवढाच त्या शब्दांचा अर्थ होता. दहा-बारा घरांची माणसं, म्हातारी, तान्ही, सगळी रानोमाळ. आणि तिचा नवरा शब्दाला पक्का होता तसा किल्ल्यालाही पक्का होता. हे कळलं की तो आत जाईल आणि खुंटीवरची तलवार घेऊन बाहेर येईल, हे तिला डोळ्यांसमोर दिसत होतं. तिनं पदर सावरला.

“किल्ला खाली करा म्हणतेत.”

“खाली म्हणजे?”

“खाली म्हणजे खाली,” कोंडाई म्हणाली आणि बोटानं ओढा दाखवला.

रुमाजीनं डोंगराखाली पाहिलं. मग तटाकडे पाहिलं. मग खानसाहेबांच्या दुखऱ्या गुडघ्यांकडे पाहिलं, आणि त्याला सगळं उमगलं. एवढा मोठा सरदार, त्याला चढवत नाही. त्याला किल्ला खाली हवाय.

“सांग त्यांना,” तो छाती काढून म्हणाला, “करतो.”

खानसाहेबांना फार बरं वाटलं. इतका समजूतदार नाईक त्यांना अख्ख्या मोहिमेत भेटला नव्हता. जाताना त्यांनी रुमाजीच्या खांद्यावरून हात फिरवला, आणि घोड्यावर बसताना पुन्हा एकदा म्हणाले, “पूरा खाली, हां?”

“पुरा,” रुमाजी म्हणाला. हा शब्द त्याला कळला होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळ्यांना जमवलं. पुरुषांनी कपाळावर हात मारले. बायकांनी मात्र, सांगतात ना, एकमेकींकडे पाहिलं आणि एका शब्दानं विरोध केला नाही. बायका इतक्या पटकन तयार झाल्या, याचं रुमाजीला नवल वाटायला हवं होतं. पण तो तेव्हा पहिला दगड कुठून काढायचा या विचारात होता.

पहिला दगड ढकलला तो गडगडत गेला, ओढ्यात पडला आणि पलीकडच्या रानातून दोन डुकरं उडवून थांबला. तेव्हा ठरलं की ढकलायचं नाही. बाभळीचे ओंडके जोडून घसरगाडे केले, त्यांवर दगड बांधले, आणि वरून दोर सोडत सोडत ते खाली उतरवले. कुठला दगड कुठल्या जागचा हे चुकू नये म्हणून रुमाजीनं प्रत्येकावर गेरूनं खूण केली. गेरू टिकावा म्हणून त्यात गुळाचं पाणी घातलं. ही कल्पना त्याची स्वतःची, आणि तिच्यावर तो खूश होता. खाली दगडांची रास लागली. दोन दिवस सगळे दमून झोपले, आणि उठून बघतात तो गावातल्या शेळ्यांनी गूळ चाटून चाटून सगळे दगड लख्ख केलेले. मग काय, जो दगड जिथं बसला तिथं बसवला. जंग्या आभाळाकडे का बघतात आणि वाघ उताणा का, हे आता तुम्हाला कळलं.

“आजा बघत असंल तर काय म्हणंल?” दरवाजा उभा करताना रुमाजी म्हणाला.

“वाघ झोपलाय म्हणंल,” कोंडाई म्हणाली. “दमला असंल बिचारा. एवढा डोंगर उतरलाय.”

तट खाली आला, देवी वाजतगाजत खाली आली, कोंबडीसकट तोफ खाली आली. टाकं तेवढं खाली आणता आलं नाही. रुमाजीनं त्याचाही प्रयत्न केला, असं सांगतात. आता वर फक्त एक बुरूज उरला होता, रुमाजीच्या आजानं पहिल्यांदा रचलेला. तो त्यानं मुद्दाम शेवटी ठेवला होता.

तेवढ्यात गावात दगडू कासार आला. बेदरहून बांगड्या घेऊन वर्षातून एकदा यायचा तो. सवयीनं डोंगर चढून गेला, वर कुणी नाही असं पाहून खाली आला, आणि ओढ्याकाठी किल्ला बघून उभाच राहिला.

“नाईक, हे काय मांडलंय?”

“खानसाहेबांचा हुकूम. किल्ला खाली करायला सांगितलाय.”

दगडूनं आधी रुमाजीकडे पाहिलं, मग किल्ल्याकडे पाहिलं, आणि तो हसायला लागला. इतका हसला, की पाठीवरच्या बांगड्या वाजायला लागल्या.

“अवो नाईक! त्यांच्या बोलीत खाली म्हणजे रिकामा! निघून जा म्हणलेत ते तुम्हाला! अन् तुमी अख्खा किल्लाच... आई गं...” पुढं त्याला बोलवेना.

रुमाजी हसला नाही. त्याला कोंडाई आठवली, दाराआड उभी राहून ओढ्याकडे बोट दाखवणारी. बेदरच्या वेशीजवळची कोंडाई. तिला हा शब्द कळला नसेल, असं होणं शक्य नव्हतं.

तो डोंगर चढून गेला आणि उरलेल्या बुरजाला पाठ लावून बसला. दुपार झाली, ऊन कललं. खाली त्याला आपला किल्ला दिसत होता, खळग्यात टाकलेल्या मुंडाशासारखा. आपल्या हातांनी आपण आजाचे बुरूज उकलले, आणि ते कशासाठी, तर बायकोनं एका शब्दाचं खोटं सांगितलं म्हणून. त्याला राग आला होता, आणि रागापेक्षा लाज जास्त वाटत होती. दगडू कासार आता गावोगाव बांगड्या भरताना हेच सांगणार होता.

कोंडाई भाकरी घेऊन वर आली. फडकं सोडून त्याच्यापुढे ठेवलं आणि थोडी लांब बसली.

“तुला ठावं व्हतं,” रुमाजी म्हणाला.

“व्हतं.”

“पयल्या दिवसापास्नं?”

“पयल्या शब्दापास्नं.”

“मग बोलली का न्हाईस?”

“बोलले असते तर तुमी काय केलं असतं?”

रुमाजीची नजर खाली घराकडे गेली, तलवार खुंटीला होती तिकडे.

“कणगीरच्या नाईकानं जे केलं तेच,” कोंडाई म्हणाली. “तुमी तरवारीकडं बगितलं असतं, धनी. म्हणून मी तुमाला दगडाकडं बगायला लावलं.”

“माझ्या आजानं बांधलेला किल्ला व्हता गं हा.”

“व्हता की. आजानं बांधला. पाणी मी वाहिलं.”

 रुमाजीनं भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. मग म्हणाला, “आन् खान आला आन् म्हणाला हा खालचाबी किल्लाच हाय, निघा, तर?”

“ते मला ठावं न्हाई,” कोंडाई म्हणाली.  “तितवर माझी अक्कल चालली न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना वाटलं, नाईक आता काम सोडणार. पण सकाळी डोंगरावरून पहारीचे घाव ऐकू आले. रुमाजी एकटा आजाचा बुरूज उकलत होता. त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. दगड खाली आले, आणि ज्या जागी बसले त्या जागी बसले. कोंडाईशी मात्र तो कामापुरतंच बोलत होता. “दोर दे,” “सर बाजूला,” इतकंच.

दसरा झाला आणि खानसाहेब आले. खळग्याकडे न बघता ते सरळ डोंगर चढायला लागले. गुडघ्यांना शिव्या देत, घोडा ओढत, सगळी फौज घेऊन माथ्यावर पोचले. वर वारा होता, एक टाकं होतं, आणि टाक्याच्या काठावर एक सरडा मान हलवत होता. किल्ला नव्हता. आयुष्यात खानसाहेबांनी पडलेले किल्ले पाहिले होते, जळलेले पाहिले होते, पण पळून गेलेला पाहिला नव्हता. मग एका शिपायानं खाली बोट दाखवलं.

खानसाहेब उतरून आले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. रुमाजी दरवाज्यात, उताण्या वाघाखाली उभा होता. बाजूला कोंडाई, आणि मागे सगळं गाव.

“मैंने बोला था खाली करो!”

“किया ना, हुजूर,” कोंडाई नम्रपणे म्हणाली. “पूरा खाली किया. एक पत्थर ऊपर नहीं है.”

 खानसाहेब किल्ल्याभोवती फिरले. एका जंगीतून त्यांनी डोकावून पाहिलं, तर आत एक म्हातारी ज्वारी पाखडत होती. तिनंही त्यांच्याकडे डोकावून पाहिलं. फेरी पुरी करून ते परत दरवाज्यापाशी आले. आता त्यांचा आवाज पुन्हा मऊ झाला होता, आणि त्या मऊ आवाजाची कोंडाईला जास्त भीती वाटली. त्यांनी रुमाजीकडे बघून एकच प्रश्न विचारला.

“ये क्या है, नाईक? किल्ला है?”

रुमाजीनं बायकोकडे पाहिलं. त्या हुकमानंतर पहिल्यांदाच सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं, असं सांगतात.

“काय म्हणतेत?”

या वेळी कोंडाईनं एक शब्दही इकडचा तिकडे केला नाही. “इचारतेत, ह्यो किल्ला हाय का. हो म्हणलात तर हुकूम लागू, आपुन बाहेर. न्हाई म्हणलात तर...” ती थांबली. “तर तुमी किल्लेदार न्हाई. तुमचा आजाबी कुणी न्हाई. मी सांगितलं. आता तुमी बोला.”

 घर हवं तर किल्ला नाही म्हणायचं, आणि किल्ला म्हणायचा तर घर नाही. रुमाजीनं दरवाज्याच्या दगडावर हात ठेवला. त्याच वेळी एक शेळी बुरजावर चढली आणि तिथून खानसाहेबांच्या घोड्याकडे बघत ओरडली. रुमाजीनं शेळीकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं.

“कोंडवाडा,” तो म्हणाला.

“क्या?”

“कोंडवाडा हाय ह्यो, हुजूर.”

कोंडवाडा म्हणजे काय हे खानसाहेबांना ठाऊक होतं. इतकी वर्षं या मुलखात काढल्यावर तेवढी मराठी कुणालाही येते. मोकाट जनावरं डांबून ठेवायची जागा ती. त्यांनी बुरजावरच्या शेळीकडे पाहिलं, आणि एकाएकी त्यांचं मोठं पोट हलायला लागलं. फौजेसमोर सरदारानं हसू नये म्हणून त्यांनी तोंडावर रुमाल धरला. जनावरांच्या कोंडवाड्यावर पहारा ठेवावा असा हुकूम सुलतानांनीही दिला नव्हता, आणि डोंगर पुन्हा चढायचा नाही यात खानसाहेबांचाही फायदाच होता. बेदरला जाऊन त्यांनी दरबारात एवढंच सांगितलं, की किल्ला खाली आहे. दोन्ही भाषांत ते खरं होतं.

निघालेल्या फौजेची धूळ बसली. माणसं आरडाओरडा करत आत पळाली. रुमाजी आणि कोंडाई दरवाज्यात उरली.

“जनावरांचा कोंडवाडा?” कोंडाई म्हणाली. “नाइकांच्या घराला?”

“खानानं तसं ऐकलं,” रुमाजी म्हणाला. “तू कसं ऐकलंस?”

त्या काळी पुरुष चारचौघांत बायकोचं नाव घेत नसत. घरातसुद्धा ‘अगं’ नाहीतर ‘ऐकलं का’ एवढ्यावर संसार निभत असे. आणि या माणसानं सुलतानाच्या सरदारासमोर, सगळ्या फौजेसमोर, आजानं बांधलेल्या किल्ल्याला कोंडाचा वाडा म्हटलं होतं. कोंडाईनं पदर तोंडाशी नेला. ती हसली की रडली, याबद्दल गावात आजवर दोन तट आहेत.

तेव्हापासून गावाचं नाव कोंडवाडा पडलं. बाहेरचे लोक ऐकून नाकं मुरडतात, सोयरिकी जमवताना आमच्या पोरांना ऐकून घ्यावं लागतं. आम्ही नाव बदलत नाही. आजही आमच्याकडे लग्न होऊन वरात आली की नवरी उंबरठ्याबाहेर थांबते आणि नवरदेवाला सगळे विचारतात, “हे घर कुणाचं?” त्यानं मोठ्यानं तिचं नाव घ्यायचं असतं. घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत, त्यालाही नाही. म्हणून इथली घरं बायकांच्या नावांनी ओळखतात. ते समोरचं सखूचं घर, त्यापलीकडचं वच्छलाचं, आणि तुमचा चहा येतोय ते धुरपदाचं, म्हणजे माझं.

आता शपथ घेतली आहे, तेव्हा एक सांगून टाकतो. दगडू कासार माझ्या पदरचा. डोंगरावरचं भांडणही मीच घातलं, नवरा-बायको आहेत आणि भांडण नाही, हे पाहुण्यांना पटत नाही म्हणून. आमची जुनी माणसं सांगतात ते वेगळं आहे. रुमाजी जन्मभर बेदरच्या राज्यात राहिलेला. खाली म्हणजे काय, हे त्याला खानाच्या तोंडातून शब्द निघाला तेव्हाच कळलं होतं. मग त्यानं आपल्या बायकोनं सांगितलेला अर्थ ऐकला, आणि पहार उचलली.